मोगऱ्याची तहान

माय, तुझा मोगरा या साली फुलला. तेवढं आधी सांगून टाकते, नाहीतर तू मधातच म्हणशील, "कामाचं बोल वं." वाचता तुला येत नव्हतं आणि मला चौथीपुरतंच येतं, तरी लिहायला बसले आहे. सून विचारते, "मम्मी, किसको लिख रही हो?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

लग्नात दिलेली भांडी केव्हाच चेपली. माहेराहून, लामत्याहून निघताना ओल्या बारदान्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलेली मोगऱ्याची फांदी तेवढी जगली. बालाघाटला मागच्या अंगणात लावली, रोज बादलीभर पाणी घातलं. झाड माजलं. हिरवंगार, माझ्या छातीएवढं, आणि फूल एक नाही. तू पहिल्यांदा आलीस आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच ओरडलीस, "काय वं, झाड पोसून राह्यली का जावई? नुसतं खाऊन फुगलं!" तुझे जावई आत चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. तुला काय त्याचं. तू पदर खोचून खाली बसलीस. "संक्रांत झाली का पाणी तोड. पानं मान टाकतपर्यंत थेंब नाई द्याचा. मंग छाट, उरलेली पानं ओरबाड, बुड मोकळं कर, मुळाले ऊन लागू दे. मंग शेणखत घाल आन् पोटभर पाणी दे." मी म्हटलं, "मरन ना ते!" तू हसलीस. "तहान लागल्याबिगर त्याले फुलाची आठवण येत नाई."

चैतात झाड पांढरं झालं. तू गजरे करायची नाहीस, मूठभर फुलं माठात टाकायचीस. दुपारी उन्हातून आलं की तो गिलास तोंडाला लावायचा, तो वास अजून नाकात आहे. तुझ्या मागे कितीदा फुलं विकत आणून माठात टाकली. तो वास नाही येत.

मग तुझे ते दवाखान्यातले दिवस. पोट फाडलेलं, तोंडाने पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. "घोटभर दे वं पोट्टे," तू म्हणतेस. मी कापूस ओला करून तुझ्या ओठांना लावते, तू तो चोखतेस. जन्मभर मला घालूनपाडून बोललीस, तेव्हा मात्र एक शिवी दिली नाहीस. नुसती बघत राहिलीस. त्यानंतर माझ्याने मोगऱ्याचं पाणी तोडवलं नाही. दर संक्रांतीला ठरवायचं आणि सकाळी बादली घेऊन उभं राहायचं. झाड पुन्हा जावई झालं.

यंदा सून म्हणाली, "मम्मी, इसमें फूल तो आता नहीं। कटवा दो, मेरी स्कूटी खड़ी हो जाएगी।" तिचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "एक चैत थांब. नाही फुललं तर मीच तोडते." बोलून तर बसले. मग जास्वंदीला पाणी, शेवंतीला पाणी, आणि मोगऱ्याजवळून जाताना तोंड भिंतीकडे. पानं लोंबायला लागली. तू सांगितलंस तसं छाटलं, ओरबाडलं, मुळं उघडी केली. सून दारातून म्हणते, "अब तो गया।" मी म्हटलं, "चूप बैठ." मुळांना पुरतं ऊन खाऊ दिलं, मग खत घातलं आणि बादलीवर बादली ओतली. माती गटागटा प्यायली. मी तिथेच चिखलात बसले.

आता सून रोज केसात फुलं माळते आणि स्कूटी बाहेर रस्त्यावर धूळ खाते. काल मूठभर फुलं माठात टाकली. वास तोच आहे, माय.

हा कागद कुठे टाकायचा नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. सुनेला मी सांगितलं की सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणेच केलं. तुला ते पटणार नाही, तू पान पाहून ओळखायचीस. पाणी तोडलेलं होतं तेव्हा एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी कापूस ओला केला आणि एकेका फांदीला लावत बसले.