कापलेली शेपटं

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,

नमस्कार. पत्राच्या माथ्यावर अजून काय काय लिहायचं असतं ते मी विसरलो, तेव्हा ते सगळं लिहिलंय असं धरून चाल. मी बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत? अण्णांच्या गळ्याची जखम सुकली का, घास नीट उतरतो का, ते कळव.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोन हल्ली सारखा अण्णांच्या हातात असतो असं तूच म्हणालीस. म्हणून तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. वाच आणि तिथेच ठेव. अक्षराला हसू नकोस, शाळा सोडल्यापासून हाताला पेनापेक्षा पेचकस जास्त लागलाय.

काम चालू आहे. ट्रक भरभरून जुने कॉम्प्युटर, फोन, प्रिंटर येतात आणि आम्ही ते उघडून तांबं एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, बोर्ड एकीकडे करतो. ताई, नवे फोन आतून बघशील तर तुझा विश्वास उडेल. दरवर्षी नुसतं कपाळ मोठं करतात, डोकं तेच. आणि बॅटरी आता गोंदाने चिकटवतात. कशाला? तर आपण उघडू नये म्हणून. माझं मत विचारशील तर, जी वस्तू स्क्रू काढून उघडता येत नाही ती आपली नाहीच, आपण तिचे भाडेकरू. लोक म्हणतात विज्ञान फार पुढे गेलं. गेलं असेल, पण जाताना वाटेत जे जे टाकत गेलं ते सगळं आमच्या शेडमध्ये येऊन पडतं. प्रिंटर मेला म्हणून फेकतात, आणि आत त्याच्या मोटारी टुणटुणीत! त्यातल्या मोटारींचा मी खिडकीत पंखा केलाय. लंबू, म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, शेडमध्ये माल उचलायची गाडी चालवतो तो, म्हणतो की हा पंखा वारा कमी आणि आवाज जास्त करतो. "अगदी तुझ्यावर गेलाय."

बरं, पेटीचं सांगतो. तू वाट बघत असशील.

पेटी झाली. प्रथमोपचाराचा एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात कोपरा फुटलेला टॅब्लेट बसवला. अक्षरं मोठी हवीत म्हणून दुकानातल्या बिलाच्या मशीनची बटणं लावली, ती ठसठशीत असतात, अण्णांना चष्मा न लावताही दिसतील. स्पीकर एका टीव्हीतून काढलाय. एवढासा आहे, पण छाती आहे त्याला. बटणं दाबून वाक्य लिहायचं, हिरवं बटण दाबलं की पेटी बोलते. हे सगळं सोपं होतं. खरं सांगू का, त्या दिवसांत मी फार खुशीत होतो. ज्याच्या आरोळीवर अख्खा भाजीबाजार लिलावाला उभा राहायचा त्या माणसाने पाटीवर "पाणी" लिहून दाखवायचं, हे मला अजून खरं वाटत नाही. डॉक्टरांनी गळ्यातून काढलं ते मी टीव्हीतून काढून परत बसवतोय, असं काहीतरी डोक्यात होतं. हसू नकोस.

अवघड होता तो आवाज. पेटीचा स्वतःचा आवाज एका बाईचा आहे, फार गोड, बँकेतल्यासारखा. तो अण्णांच्या पुढ्यात बोलला तर ते पेटी उचलून रस्त्यावर फेकतील. पण कॉम्प्युटरला एखाद्या माणसाचं बोलणं भरपूर ऐकवलं की तो त्याच माणसाच्या आवाजात नवीन वाक्यं बोलायला शिकतो. म्हणून तर तुझ्याकडे अण्णांची रेकॉर्डिंगं मागितली. तू पाठवलीस ती सगळी लिलावाची निघाली. ती ऐकवली, आणि लिहून बघितलं, "पाणी हवंय." तर पेटी अशा सुरात बोलली की जणू भांड्यावर बोली लागलीये आणि कोण वर जातंय ते बघायचंय. लंबू म्हणाला, "मी एक रुपया वाढवतो."

मग मी माझ्याकडचं काढलं. इथे आल्यापासून अण्णांनी मला पाठवलेले व्हॉइस मेसेज. सगळे जपून ठेवलेत. का, ते विचारू नकोस, मी काहीच टाकत नाही हे तुला माहीत आहे. त्यात काय आहे तेही तुला माहीत आहे. "बाजारात माझ्या जागी उभा राहिला असतास. घशात देवाने दिलेलं होतं, ते सोडून भंगार फोडायला गेलास." "माणसं शिकून वस्तू बनवतात, तू न शिकता मोडतोस." असंच सगळं. पण आवाज स्वच्छ, खणखणीत, मायक्रोफोनला तोंड लावून बोललेला. कॉम्प्युटरला असाच लागतो.

तो आवाज भरला त्या दुपारी लंबू खाटेवर आडवा पडला होता. मी लिहिलं, "जरा पाणी द्या." पेटीने असा दम भरला की लंबू ताडकन उठला, मडक्यातून पाणी घेऊन आला आणि पेटीसमोर पेला धरून उभा राहिला. मग भानावर आला. म्हणाला, "हे तुझे वडील?"

"हो."

"मग तू एवढ्या लांब का आलास ते कळलं."

आम्ही पोट धरून हसलो. नंतर मी बराच वेळ बरीच वाक्यं लिहून बघितली. "चहा छान झालाय." "ऊन लागतंय, आत बसू." "डॉक्टर भला माणूस आहे." सगळी अंगावर आली. ताई, असल्या आवाजात आई उरलेलं आयुष्य काढणार? ऑपरेशनच्या आधी अण्णा घरात असेच बोलायचे का? मला आठवेना. खरंच आठवेना. इथे आल्यापासून मी नुसत्या त्यांच्या मेसेजबरोबरच राहिलोय.

म्हटलं आवाज कमी पडत असेल, अजून लागेल. तर माझ्याकडे अजून होता. सांगतो कसा. अण्णा मेसेज पाठवताना बटण वर सरकवतात, ते तिथेच अडकतं. बोलणं संपलं, "ठेवतो" म्हटलं, तरी फोन ऐकतच राहतो. भांड्यांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कधीतरी कुणीतरी बटण सोडवतं. कॉम्प्युटरला ऐकवताना मी मेसेजांची ती शेपटं कापून टाकली होती. एक तर ती स्वच्छ नव्हती. आणि दुसरं म्हणजे, ती मी कधी ऐकलीच नव्हती. शिव्या झाल्या की मी बंद करायचो. प्रिंटरची मोटारसुद्धा न टाकणारा मी, पण हे कचरा म्हणून टाकलं होतं.

मूळ मेसेज काढून ती ऐकली.

पाण्याच्या पंपाचा तो मेसेज तुला आठवत असेल. पंप नुसता गुणगुणत होता, फिरत नव्हता. मी तुला सांगितलं होतं की मोटारीच्या बाजूला एक छोटं नळकांडं असतं, ते बदला, मोटार चांगलीच आहे. त्यावर अण्णांचा मेसेज आला होता: "तिथे बसून मला अक्कल शिकवतोस? घरात पाणी नाही आणि हा तिकडून मोटारी दुरुस्त करतोय. ठेवतो." मी तो तिथेच बंद केला होता.

त्यापुढे असं आहे. खुर्ची सरकते. मग अण्णा, अगदी हळू, म्हणजे मला आधी वाटलं घरात दुसरं कुणी आलंय. "ते नळकांडं आणलंस का गं?"

"आणलंय," हा तुझा आवाज.

"दे. तो म्हणतोय तर तेच असणार. त्याला कळतं त्यातलं."

"मग त्याला तसं सांगा की, अण्णा."

"काही नको. चांगलं म्हटलं की राहील तिथेच."

आणि ताई, तू हसलीस. "तुम्ही पण ना," असं म्हणालीस. मग पंप सुरू झाल्याचा आवाज आहे, आणि अण्णा म्हणतात, "बघ. बघ कसा उचलतोय." असं म्हणताना त्यांचा आवाज जसा आहे तसा मी जन्मात ऐकलेला नाही.

मला तू दुसऱ्या दिवशी काय कळवलंस? वायरमनने पंप दुरुस्त केला.

मी रागावून लिहीत नाहीये. रागावलोय, पण लिहितोय ते त्यासाठी नाही. मला कळत नाहीये म्हणून लिहितोय. बाकीच्या शेपटांतही असंच काहीबाही आहे. सगळ्यांत नाही, काहींत नुसती भांडी आहेत. एकात आई विचारते, "जास्त नाही का झालं?" आणि अण्णा म्हणतात, "झालं." एवढंच. एकात ते तुला विचारतात की जुन्या फोनमधून सोनं निघतं हे खरं का, आणि तू म्हणतेस हो, असं तो म्हणत होता. मग ते बाजारातल्या कुणाला तरी तेच मोठ्या ऐटीत सांगतात. तू तिथे होतीस. दर वेळी होतीस. बटण तूच सोडवलंस की नाही?

माझं गणित असं होतं, की एक माणूस आहे, तो मला भंगार समजतो, म्हणून मी इथे आहे आणि त्याला दाखवून देतोय. त्या रागावर मी इथल्या पहिल्या वर्षाचा उकाडा, खोकला, सगळं काढलं. आता कळतं की ते मला परत बोलवायला ओरडत होते, आणि ते जितकं ओरडले तितका मी लांब बसलो. आणि एक शब्द चांगला बोलले असते तर मी, देवाशपथ, दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो असतो. मग चुकलं कोणाचं? यंत्र असतं तर मी उघडून सांगितलं असतं, इथे तार उलटी लागलीये. इथे मला काही उघडताच येत नाही.

तू का नाही सांगितलंस? अण्णांना शब्द दिला होता? की तुलाही वाटत होतं मी यावं? तसं असेल तर तसं लिही. मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण लिही.

आता पेटीचं. शेपटांतला हळू आवाज थोडाच आहे, तरी तो एकटाच ऐकवून बघितला. जमला. थोडा कापतो, मागे कुठेतरी भांडं वाजल्यासारखं होतं, पण जमला. दोन्ही एकत्र केले तर वाक्य ओरडून सुरू होतं आणि मध्येच खाली बसतं, लंबू म्हणाला त्यांना मधेच झोप लागली. तेव्हा दोन वेगवेगळे ठेवलेत.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगतो. काल लंबू बाहेर गेल्यावर मी त्या हळू आवाजात एक वाक्य लिहिलं. काय, ते राहू दे. हिरवं बटण दाबलं आणि पेटी बोलली. अगदी अण्णा. आणि मला इतकं घाण वाटलं ताई, की मी वायर उपटली. आजवर मी इतक्या वस्तूंतून इतकं काय काय काढून वापरलं, पण ती सगळी फेकलेली होती, त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. ह्या आवाजाचा मालक घरी पाटी घेऊन बसलाय. त्याला न विचारता मी त्याच्या तोंडून मला हवं ते वदवून घेतलं. आमच्या शेडमध्ये साध्या फोनसाठीसुद्धा आधीच्या मालकाची सही लागते.

म्हणून पेटीबद्दलचा तुझा मेसेज पुन्हा काढून वाचला. तू लिहिलंयस, "अण्णांना आवडेल." अण्णांनी सांगितलंय असं कुठेच नाही. त्यांना माहीत तरी आहे का मी हे करतोय? की हेही तुम्ही माझ्या पाठीमागे ठरवलंय आणि मी त्यांच्या पाठीमागे?

तर असं कर. हे पत्र दाखवू नकोस, पण त्यांच्यासमोर बस आणि सरळ विचार. सांग की तो पेटी बनवतोय, तुमच्या आवाजाची. हवी का? आणि हवी असेल तर कोणता आवाज, तो त्याला पाठवायचा तो, की बटण अडकल्यावर घरात राहायचा तो? ते चिडतील, कारण फोन ऐकत होता हे त्यांना तेव्हाच कळेल. चिडू दे. पाटी त्यांच्या हातात दे आणि लिहून होईपर्यंत थांब. बँकेतल्या बाईचा आवाज हवा म्हणाले तर तोही देईन, माझी हरकत नाही. नकोच म्हणाले तर पेटी उघडून टॅब्लेट परत काढून ठेवीन.

ते जे लिहितील ते जसंच्या तसं मला कळव. शिवी असली तरी पुसू नकोस. गोड असलं तरी "आता सांगितलं तर राहील तिथेच" म्हणून दाबून ठेवू नकोस. मी राहीन की येईन ते माझं मी बघीन. आणि पाटी कोरीच परत दिली, तर कोरी दिली एवढंच लिही, पदरचं काही घालू नकोस.

आईला नमस्कार. अण्णांना काय सांगायचं ते ह्या वेळी तुझ्यावर सोपवत नाही.

तुझ्यावर रागावलेला, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता न येणारा,
तुझा धाकटा