तेलाच्या डब्यातला रिठा

आप्पा,

आज मी रिठ्याचं झाड पाहिलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. आपल्या घराच्या भिंतींनाही रिठ्याच्या फेसाचा वास होता, पण हे झाड आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. तुम्हाला ते एकदा जाणवलं होतं. रिठ्याच्या पाण्यात चांदीचे पैंजण घासता घासता तुम्ही म्हणाला होतात, "जन्म गेला ह्यात हात घालून, पण झाड काळं का गोरं, म्हाईत न्हाय." मी वहीतून मान वर केली नव्हती.

आता मी कोल्हापुरात एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. ओतलेल्या लोखंडात काय किती आहे ते तपासते आणि सही करते. गेले तीन आठवडे सुटी मिळाली नव्हती. आज मिळाली, तेव्हा जिथे कुणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी जायचं ठरवलं आणि गाडी घेऊन शहराबाहेरच्या वृक्षोद्यानात गेले. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, पाटीवर नाव आणि कुळ. हे मला आवडलं. तासभर मी पाट्या वाचत फिरले. ऊन पानांतून खाली येईपर्यंत निवलेलं होतं. मग एका झाडाखाली पायाखालून काहीतरी घरंगळलं. सुरकुतलेलं, तपकिरी, आत काळं बी वाजणारं. झाड मला ओळखता आलं नाही, फळ आलं. डोक्यावरची फांदी इतकी साधी होती की पाटी पाहूनही मी एकदा खात्री करून घेतली.

तो डबा तुम्हाला आठवत असेल. तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापून तुम्ही त्यात माती भरली होती आणि सात बिया लावल्या होत्या. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुटीत घरी आले होते. पुढच्या खोलीत भट्टी चालू आहे, दोन कारागीर कड्या जोडताहेत, व्यापारी गादीवर बसून चहा पितो आहे. तुम्ही त्याला डबा दाखवता, "ह्यातनं झाड येणार बघा, हुपरीतला पैला रिठा." आणि मी आतून येऊन सगळ्यांसमोर विचारते, "आप्पा, शिजवलेल्या हरभऱ्याला मोड येतात का?" आई रोज चुलीवर रिठे उकळायची ते मी पाहत होते, बी त्यातलंच असणार असं मी धरलं. कारागीर हसले, व्यापारी सगळ्यांत जास्त हसला. तुम्हीही हसलात. "घ्या. शिकवली की असं हुतंय. आमचा माल रिजेक्ट." संध्याकाळी डबा मोरीमागे गेलेला होता. मी ते पाहिलं आणि मला बरोबर असल्याचं समाधान वाटलं. तीन महिन्यांनी तुम्ही गेलात.

आज मी ते फळ उचललं तर मागून आवाज आला, "ठेवा खाली. बोर्ड वाचला न्हाय काय?" पाला गोळा करणारी एक मावशी होती, आज तुम्ही असता तर तुमच्याच वयाची.

"रिठाच आहे ना हा?" मी विचारलं.

"मग काय आंबा? पाटी लावल्याय की. कुठलं गाव?"

"हुपरी."

"आगं मग तूच मला सांगाया पायजेस." ती झाडू टेकवून उभी राहिली.

मी तिला विचारलं, बी लावलं तर येतं का. "येतंय की. पर लई चेंगट. साल दगडावानी. कढत पाणी वतून रातभर ठेवायचं, मग लावायचं. तरी दोन-दोन, तीन-तीन म्हयनं तोंड दावत न्हाय." कढत पाण्यानं बी मरत नाही का, असं मी विचारलं. माझा आवाज कदाचित चढला असेल. "चुलीवर शिजवलं तर मरंल," ती म्हणाली. "नुसतं वतलं तर काय हुतंय? आंग मऊ पडतंय."

घरी आले. आई आता माझ्याजवळ असते, ती भाजी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आप्पांनी डब्यात लावलं होतं ते बी उकळलेलं होतं ना. तिनं मानही वर केली नाही. "उकळलेलं कुठलं? उकळायचं ते धुवायला. त्या सात बिया त्यांनी येगळ्या काढलेल्या. बंबातलं पाणी वतून रातभर तांब्यात ठेवलेल्या. बाजारात कुणी म्हाताऱ्यानं सांगितलं हुतं. तू हॉस्टेलला गेल्यावरबी पाणी घालत हुते मोरीमागं जाऊन."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"व्यापारी बसला हुता. त्याच्यापुढं पोरीला खोटं पाडत्यात व्हय?"

ती पुन्हा भाजी निवडू लागली. दहा वर्षं मी ती गोष्ट कॉलेजात, लॅबमध्ये, जेवणाच्या डब्यावर सांगत आले आहे, आमचे वडील कसे भाबडे होते म्हणून. लोक हसतात. गोष्ट छोटी आहे आणि मी ती नीट सांगते.

हे मी लॅबच्या जुन्या वहीत लिहिते आहे, पाठकोऱ्या पानांवर. वही कपाटात जाईल. कुणाला दाखवायची नाही, आईलाही नाही. एक गोष्ट मात्र तिलाही माहीत नाही. तुमचं तेरावं झाल्यावर मागची जागा मी साफ केली. तो डबा मीच पालथा केला. मातीचा गोळा अख्खा निघाला आणि त्याच्या कडेला पांढरं, दोऱ्यासारखं काहीतरी होतं, बोटभर लांब. गवताची मुळी असेल, बुरशी असेल. आमच्या लॅबमध्ये जे बघितलं नाही त्यापुढे 'तपासले नाही' असं लिहायची पद्धत आहे, का नाही ते लिहीत नाहीत. मी गोळा पायानं फोडला आणि वरून पाणी ओतलं. घाई नव्हती, आप्पा. त्या दिवशी मला दुसरं काहीच काम नव्हतं.