मोजतात, पण धरत नाहीत

१ सप्टेंबर, रविवार
मिसा आटोपून थेट घरी. खालच्या मजल्यावरची टेरेसा जेवायला आली. माझ्या मुलीला, रियाला, शाळेत दोन वर्षं इंग्रजी शिकवायची, तेव्हापासून घरचीच. ती ग्वामची. आधी मला वाटायचं फिलिपिन्सची. ग्वाम हे अमेरिकेचं बेट, पण अमेरिकेपासून लांब समुद्रात, हे तिच्याकडूनच कळलं.
बोलता बोलता म्हणाली, नोव्हेंबरसाठी मतपत्रिका मागवलीय. मी म्हटलं, मग तू राष्ट्राध्यक्ष निवडणार! तर नाही. त्या बेटावरच्या लोकांना तो हक्कच नाही. पासपोर्ट अमेरिकेचा, भाऊ वीस वर्षं त्यांच्या सैन्यात, पण राष्ट्राध्यक्ष निवडणार दुसरेच. तरी बेटावरच्या मतपत्रिकेत ती नावं छापतात. लोक मत देतात, मोजणी होते, आकडे जाहीर होतात. खऱ्या निकालात धरत नाहीत.
रिया म्हणाली, "देन व्हाय डू यू व्होट, मिस?"
टेरेसा म्हणाली, "आम्हाला विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, ते कुठेतरी लिहिलेलं राहावं."
मटणाचं सुकं तिला तिखट लागलं. तरी दोनदा घेतलं.

३ सप्टें.
रियाने विचारलं, मी कुठे व्होट करू शकते? जन्म इथला, अबुधाबीचा, पासपोर्ट भारताचा, मेमध्ये अठरा झाली. मला माहीत नव्हतं. तिनेच फोनवर शोधलं. परदेशातल्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, पासपोर्टवरच्या गावी. मत द्यायला मात्र स्वतः जायचं. पासपोर्टवर पत्ता भुईगावचा, सासरच्या घराचा. पोरीने तिथे सलग महिनाही काढलेला नाही.

६ सप्टें.
नवऱ्याला, मेल्विनला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे नकोच म्हणाला. कॅनडाची फाईल चालू असताना हे कशाला. बावीस वर्षं इथे काढली, इथले झालो नाही. तिथून निघून आलो, तिथलेही राहिलो नाही. आता जिथे कायमचं जायचं तिथलं बघा. रागाने नाही बोलला. दमून बोलला, ते जास्त लागलं.
रियाने त्याच्यासमोरच लॅपटॉप उघडून अर्ज भरला. तो उठून गाडी धुवायला गेला.

२४ सप्टें.
क्लिनिकमध्ये इन्शुरन्सच्या क्लेम्सचा ढीग. दुपारी ज्युलीचा फोन. माझी नणंद, भुईगावचं घर तीच सांभाळते. मतदार यादीचं काम करणाऱ्या शिक्षिका चौकशीला आल्या होत्या. मुलगी इथे राहते का? ज्युली आधी घाबरली, हो म्हणू की नाही. मग खरं तेच सांगितलं. बाई, ती तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली, पण घर हेच. बाईंनी चहा घेतला, पासपोर्टची प्रत पाहिली, लिहून घेतलं आणि गेल्या. बरं की वाईट, काही कळलं नाही.

११ ऑक्टो., शुक्र.
अजून काही नाही. रिया रोज सकाळी यादी बघते. मेल्विन विचारत नाही, पण ती लॅपटॉप उघडते तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करतो.

१६ ऑक्टो.
काल विधानसभेच्या मतदानाची तारीख जाहीर झाली, २० नोव्हेंबर. आणि आज नाव आलं! यादीच्या अगदी शेवटी, परदेशस्थांच्या विभागात. संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट. रियाने ते खाली जाऊन टेरेसाला दाखवलं. टेरेसा रडली म्हणे. आपल्याकडे रडायचं काम मी करते, आज मात्र हसू येत होतं.
पण २० ला बुधवार. त्याच आठवड्यात हिची कॉलेजात लॅबची परीक्षा. मे. म्हणाला, बघ, झालं खलास.

२१ ऑक्टो.
प्रोफेसर इजिप्तचे, कडक. रिया एकटी जाऊन भेटली. आधी नाही म्हणाले. मग विचारलं, पहिल्यांदा? हो म्हणाली. सोमवारी एकटीची परीक्षा घेतो म्हणाले, अभ्यासाला दोन दिवस कमी मिळतील, चालेल? चालेल.
मला जाता येणार नाही. क्लिनिकमध्ये ऑडिट. पोर एकटी जाणार.

५ नोव्हें., मंगळ.
संध्याकाळी टेरेसाकडे. तिच्या बेटावर दिवस आपल्या आधी उगवतो, त्यामुळे तिकडची मोजणीही सुरू झाली. अमेरिकेत लोक अजून रांगेत आणि हिचे आकडे येऊ लागले. कुणाला किती, ते तिने रियाला समजावून सांगितलं. तिने तव्यावर भाकरीसारखं काहीतरी केलं होतं, नारळाचं दूध घालून. छान लागलं.
मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, वाटतं. दर वेळी वाटतं. तिची आई प्रत्येक वेळी मत द्यायची आणि म्हणायची, पुढच्या वेळी धरतील. आई गेली. आता ते वाक्य टेरेसा म्हणते.
मे. खाली आला, आम्हाला बोलवायला म्हणून. बसला. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

१८ नोव्हें.
परीक्षा बरी गेली म्हणते. विमानतळावर मे. नेच सोडलं. आत जाताना तिला म्हणाला, पासपोर्ट मूळच दाखवायचा, झेरॉक्स चालत नाही. म्हणजे यानेही सगळं वाचलेलं आहे.

२० नोव्हें., बुध.
सकाळपासून कामात लक्ष नाही. आत फोन नेता येत नाही, त्यामुळे रियाचा फोन बंद. ज्युलीचाही. एका पेशंटचा क्लेम दोनदा पाठवला.
दुपारी रिया बोलली. गावच्या शाळेत केंद्र. नाव सापडेना. यादीवरच्या माणसाने घरांप्रमाणे पाहिलं, परत पाहिलं, म्हणाला, नाहीये, बाजूला उभी राहा. रियाचं मराठी ऐनवेळी अडखळलं. "शेवटी बघा, शेवटच्या पानावर," एवढंच म्हणत राहिली. मागे रांग वाढली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, कोणाची गं तू? तिने आजोबांचं नाव सांगितलं. तो पुढे येऊन त्या माणसाला म्हणाला, "शोधा साहेब, सावकाश शोधा. आम्हाला घाई नाही."
शेवटच्या पानावर होतं.
फोटो पाठवला. डाव्या हाताचं बोट, शाई अजून ओली. मे. ला फॉरवर्ड केला. निळ्या खुणा लगेच आल्या.

२२ नोव्हें., शुक्र.
रिया परत आली. ज्युलीने दिलेलं पोर्कचं इंदेल आणि सुकी मासळी, बॅगेला वास. घरी आल्यावर आधी टेरेसाकडे गेली. टेरेसाने तिचं बोट हातात धरून पाहिलं. मग म्हणाली, हिचं धरतात.
जेवताना मे. ने विचारलं, कोणाला दिलंस? "पपा, इट्स सीक्रेट." तो हसला. पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसला. मग विचारलं, तो म्हातारा कोण होता? रियाला नाव माहीत नाही. दिसायला कसा, काठी होती का, चष्मा होता का, कितीतरी वेळ विचारत बसला. शेवटी म्हणाला, पास्कूकाका असेल. किंवा त्यांचा भाऊ.

२४ नोव्हें., रवि.
काल निकाल लागले. रियाने मत दिलेला उमेदवार जिंकला की हरला, तिच्या चेहऱ्यावरून ओळखू येईना, ती सांगतही नाही.
चर्चमधून येताना मे. ने गाडीत ज्युलीला फोन लावला. म्हणाला, माझं जुनं नाव अजून यादीत आहे का बघशील? उगाच, कुतूहल म्हणून. ज्युली म्हणाली, बघते. कॅनडाच्या मेडिकलची तारीख जानेवारीत आहे.
ज्युलीचा अजून फोन नाही.