तलावावरची दोनची नोंद

अर्जुनी मोरगाव,
२८ मे २०२५

चि. सौ. पुष्पांजलीस,
उमरावकाकाचा भरभरून आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून काका पत्र कायले लिहून राहिला, म्हणून जावईबापू हसतील. हसू दे. तुझ्या बापाला कमी ऐकू येते, म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवतो आणि आपलं बोलणं अख्खा मोहल्ला ऐकतो. हे मोहल्ल्यात जायला नको.

दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू पिकला आहे. पावसाळ्याआधी काढा, नाहीतर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण तो तुझ्याकडे अमरावतीला यायला तयार नाही. पंधरा जूनला सारस पाखरांची मोजणी आहे, आपली जोडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाव सोडत नाही म्हणतो. तुला माहीतच आहे, तुझी आई, कुंदावहिनी, त्यांच्या घरट्याभोवतालचा धान कापू देत नव्हती. ती गेल्यापासून हा रोज सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसतो.

आता खरी गोष्ट. जोडी राहिली नाही, पोरी. एकोणीस तारखेला मादी तलावाच्या पाण्याच्या नहराजवळच्या विजेच्या तारेवर आपटून मेली. मासे धरायला गेलेल्या सुकराम ढिवरानं पाहिली, मला बोलावलं, आणि दादाच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही दोघांनी तिला तिथंच पुरलं. दादाला कळलं तर एकट्या नराला सोडून तो हलणार नाही. डोळे जातील, तरी पाळीवर बसून राहील.

सायकलचे पंक्चर काढता काढता मी दोन जीपा आणि सहा खोल्यांचा लॉज उभा केला, तो लोकांच्या पोटातलं ओळखून. घरच्या माणसापुढे मात्र अक्कल चालेना. काय करू ते कळव. नीतूला गोड पापा. काकावरचा जीव कमी करू नको.

तुझा,
उमरावकाका


अमरावती,
४ जून २०२५

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग ह्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, जुलै उजाडू देऊ नका.

काका, मोजणीच्या दिवशी तुम्ही दोन म्हणा. तुमच्या कानावर सारे विश्वास ठेवतात. डोळे मिटून पाखरू ओळखणारा माणूस म्हणून तर नागपूरचे लोक तुमच्या लॉजवर येतात. पावसाळ्यात गळणारी खोली तुम्ही त्यांना 'निसर्गाजवळची' म्हणून देता, तेव्हा कुठे जीभ अडखळते? एक पक्षी जास्त लिहिला गेला तर कोणाचं काय जाणार आहे? माझ्या बाबांची नजर जाते आहे.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. हे तरी माझ्या हातून होऊ द्या. नीतूनं आजोबांसाठी खिडकीजवळची खाट राखून ठेवली आहे. तुमच्या मायेच्या भरवशावर हे मागते आहे.

आपली,
पुष्पा


अर्जुनी मोरगाव,
१६ जून २०२५

चि. सौ. पुष्पास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं काम झालं. गुरुवारी दादाला घेऊन येतो.

काल मोजणीला अकरा जण होते. त्यांचा म्होरक्या हिमांशु, कॉलेजातला मास्तर, दर बगळ्याला दुर्बीण लावे. चेतना नावाची बाई तोफेएवढा कॅमेरा घेऊन आलेली, अंगावर अत्तर एवढं की आपण दिसायच्या आधी पाखरांना समजावं. मी म्हटलं, बाई, उद्या घामाच्या वासानं या, पाखरं ओळखतील. हसली बिचारी. दादा धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे.

उजाडता उजाडता देवधानाच्या गवतातून नर बाहेर आला. मान वर करून त्यानं एक लांब हाक दिली. त्याच्या हाकेवर मादीच्या दोन आखूड हाका पडायच्या, हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. काल तिथं काहीच पडलं नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. मग सारे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हटलं, मादी गवताआड आहे, मी ऐकली. हिमांशुनं दोन लिहिले. जुना माणूस म्हणून साक्षीला दादाची सही घेतली.

सही करण्याआधी दादा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिला. सही करून म्हणाला, चाल उमराव, पुष्पीकडे नेऊन दे. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. सुकराम मात्र माझ्या जीपमध्ये न बसता पायीच घरी गेला.

खाटेवर गादी पातळ टाक, त्याला जाड चालत नाही. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
उमरावकाका


अर्जुनी मोरगाव,
११ ऑगस्ट २०२५

ती. यादोरावदादास,
उमरावचा सा. न. वि. वि.

दोन्ही डोळ्यांची पट्टी निघाली, तू पेपर वाचतोस, असं पुष्पीनं कळवलं. म्हणून हे तुझ्याच नावानं लिहून राहिलो. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नको.

मोजणीच्या दिवशी मी मादीची हाक ऐकली नव्हती. ती मे महिन्यातच तारेवर मेली होती. मी आणि सुकरामनं पुरली. तू डोळ्यांसाठी जावंस म्हणून मी दोन सांगितले.

तुला पोचवून आल्यावर सुकराम म्हणाला, आता तरी पाखरांना दिसावी म्हणून त्या तारेवर प्लास्टिकची नळी चढवायला सांगू. आम्ही वीजवाल्यांच्या कचेरीत गेलो. साहेब वाईट नव्हता, चहा पाजला. मग त्याच्याकडे आलेला मोजणीचा कागद काढून म्हणाला, मे महिन्यात मेली म्हणता, जूनमध्ये तर दोन्ही आहेत, तुमच्याच कानांनी. पुरलेली जागा दाखवायला नेलं तर नहराच्या कामात माती उलटलेली. मी म्हटलं, साहेब, मी खोटं बोललो होतो. तो म्हणाला, मग आज खरं बोलता हे कशावरून? हात हलवत परत आलो, दादा. जन्मात पहिल्यांदा.

परवा नरही त्याच तारेखाली पडला. या वेळी पुरला नाही. वनखात्याचे लोक येईपर्यंत पावसात त्याच्याजवळ बसून होतो. हिमांशुला मोजणी दुरुस्त करायचं पत्र टाकलं आहे.

शिव्या द्यायच्या तर दे. बोलणं बंद करू नको.

तुझा,
उमराव


अमरावती,
१९ ऑगस्ट २०२५

चि. उमरावास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मीच वाचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं आहे. पुष्पीला विचारलं. तिनं सारं सांगितलं, दोन दिवस जेवली नाही. तिला काही बोलू नको.

त्या दिवशी मला एकच दिसला होता. मी गवताआड पाहिलं, पाण्याच्या काठानं पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. एकच. पण तू म्हणालास ऐकली, आणि तीस वर्षांत तुझा कान चुकल्याचं मला आठवत नाही. तेव्हा म्हटलं, डोळेच गेले आपले. म्हणून पुष्पीकडे यायला तयार झालो. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या विचार करत होतो, आता घरी गेलो की दोन्ही दिसतील.

रडत बसू नको. तू एकट्यानं खोटं लिहिलं नाहीस. मी एक पाहिला आणि दोनवर सही केली. त्या साहेबाला तुझ्या कानांचा भरवसा नसेल तर नसो, मी डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहून देतो. ती तार अजून तशीच आहे, आणि धानाच्या बांधीत उतरणारी दुसरी पाखरं आहेत.

येत्या मंगळवारच्या गाडीनं येतो. स्टेशनवर जीप घेऊन ये. मला तलावावर नेऊ नको. आधी कचेरीत चाल.

तुझा,
यादोराव