मोटर उलटी फिरली त्याची हकीकत

ती. शुक्रामामा यांस,

निलमचा वाकून नमस्कार. इथे तलासरीत आम्ही सगळे बरे आहोत. मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला गेला का? (गेला नसेल तर विडी गेली नसणार, हे मी इथूनही ओळखते.) मायन्यात काही चुकलं असेल तर लाल शाईने गोल करून पत्र परत पाठवा. निदान तेवढं तरी उत्तर येईल. होळीला तुम्ही आमच्याकडे आला नाहीत, आणि आईने फोन लावला की तुम्ही मामींकडे देता. मामी म्हणतात, तुम्ही म्हणता की निलम कॉलेज सोडून तारा गुंडाळत बसली. मामा, ते खरंच आहे. पण कसं झालं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून न विचारता लिहिते.

डहाणूच्या कॉलेजात माझा फॉर्म भरायला तुम्ही पहाटेची गाडी धरून गेलात आणि दुपारपर्यंत रांगेत उभे राहिलात, हे मी विसरलेले नाही. आपल्या पाड्यात बी.ए. झालेले तुम्ही पहिले, आणि दुसरी मी व्हावी असं तुम्हाला वाटत होतं. मलाही दीड वर्ष तसंच वाटत होतं. पण परतीच्या गाडीतून तलासरी नाक्यावर उतरलं की पाड्याकडची गाडी तासभर यायची नाही. मी देवेशभाईंच्या दुकानासमोर उभी राहायचे. ते जळालेल्या मोटरी पुन्हा भरून देतात, म्हणजे आतली करपलेली तार काढून नवी तांब्याची तार मोजून गुंडाळतात. एके दिवशी गुंडाळता गुंडाळता गिऱ्हाईक आलं, आणि देवेशभाई वेढ्यांचा आकडा विसरले. मी रस्त्यावरून म्हटलं, त्रेचाळीस. (मी मनातल्या मनात मोजत होते हे माझं मलाच माहीत नव्हतं.) त्यांनी सगळी तार उलगडून पुन्हा मोजली. त्रेचाळीसच निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर स्टूल ठेवलं. आठवड्याने ते स्टूल आत गेलं, आणि माझं कॉलेज बाहेर राहिलं.

लगेच सगळं जमलं असं समजू नका. पहिली मोटर मी एकटीने भरली ती सुरू होताच एवढा धूर निघाला की शेजारचा वडेवाला आपली कढई जळाली समजून तिकडे धावला. देवेशभाईंनी ती मोटर महिनाभर माझ्या समोरच्या फळीवर ठेवली. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मागच्या महिन्यात झाई गावच्या जतीनशेठच्या वाडीतली पंपाची मोटर मी भरली. देवेशभाई तापाने पडले होते, म्हणून टेम्पोत मोटर घालून बसवायला मी एकटी गेले. जतीनशेठच्या आई, चंपाकाकू, विहिरीजवळ उभ्या होत्या. त्यांनी मला चहा दिला, पाणी दिलं, आणि टेम्पोमागे पुन्हा पुन्हा बघून विचारलं की मिस्त्री कधी यायचा. मी म्हटलं, मीच. त्यांनी आणखी एकदा टेम्पोमागे पाहिलं.

मी मोटर बसवली, वायरी जोडल्या, पंपात पाणी भरलं, बटण दाबलं. मोटर छान घुमली. पाणी मात्र नळीच्या तोंडाशी येऊन थुंकल्यासारखं सांडलं आणि थांबलं. तीन वेळा तसंच. चिकूची नवी कलमं आठ दिवस पाण्याविना माना टाकून उभी होती. वाडीतली कामाची माणसं हळूहळू गोळा झाली. जतीनशेठ बाजूला जाऊन उंबरगावच्या कुणा मिस्त्रीला फोन करू लागले, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या हळू बोलले की सगळं ऐकू आलं.

मामा, तेव्हा मी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि मला तुमची आठवण झाली. वाटलं, तुमचंच बरोबर होतं. बी.ए. केलं असतं तर आज निदान सावलीत बसून चुकले असते. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी मी मान खाली घातली, आणि समोर पंपाच्या अंगावर उठवलेला बाण दिसला. बाण उजवीकडे होता. जतीनशेठना सांगून मी पुन्हा बटण दाबलं. मोटर डावीकडे फिरत होती. तीन वायरींतल्या दोन मी उलट जोडल्या होत्या. मेन स्विच बंद करून त्या बदलल्या, एवढंच. पाणी असं आलं की चंपाकाकूंचं अर्धं लुगडं भिजलं.

जतीनशेठ म्हणाले, लाइटीचाच घोळ असणार, हल्ली फार होतो. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण मी सांगितलं की लाइटीचा नाही, जोडताना मी चुकले. त्यांनी उंबरगावला पुन्हा फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. चंपाकाकू पदर पिळत म्हणाल्या, "कोणाकडे शिकलीस गं?"

देवेशभाईंचं नाव सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "मामाकडे. ते गुरुजी होते."

का ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही मला कधी पान्हा हातात दिला नाहीत. चुकलं की पाटी पुसायची नाही, चूक कुठे झाली ते आधी दाखवायचं, एवढंच लहानपणी शिकवलंत. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

तर असं आहे. पदवी नाही, पण पोट भरेल आणि मान खाली जाणार नाही. आता मला कॉलेजची किंवा पुस्तकांची काही गरज उरलेली नाही, हे तुम्ही शांतपणे मान्य करावं, म्हणून हे पत्र.

तुमची भाची,
निलम

ता. क. वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसले होते. हाताच्या कामात पास झाले. लेखीत नापास. गणितं होती, आणि ती पुस्तकातली होती. दोन महिन्यांनी पुन्हा आहे. रविवारी सकाळच्या गाडीने वही घेऊन येते. तुम्ही रागावलेले असाल तर तसेच राहा, तुम्ही रागात चांगलं शिकवता.

आणखी एक. नापास झाल्याचं मामींना सांगू नका. निवृत्त झाल्यापासून तुम्हाला घरात करमत नाही, म्हणून मी दर रविवारी येणार, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्या फोनवर रडल्याच.