चार दिव्यांची केबल

प्रिय मुली,

तुझी व तुझ्या लेकीची प्रकृती उत्तम असावी. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होते. चहात साखर किती घालायची, याचा अंदाज मात्र अद्याप आलेला नाही.

गेला आठवडाभर मी यूएसबी केबली तपासत आहे. हसू नकोस. तुझ्या आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबून ठेवलेल्या एकोणीस निघाल्या. दुरुस्तीच्या दुकानातील बाईंकडून मी तपासणीची एक लहानशी पट्टी आणली आहे. केबलची दोन्ही टोके तिच्यात खोचली की आत जेवढ्या तारा जोडलेल्या असतील तेवढे दिवे लागतात. दोनच लागले, तर त्या केबलमधून केवळ वीज जाते. चार लागले, तर विजेबरोबर माहितीही. बाहेरून पाहावे, तर दोघी जुळ्या बहिणी. बाई म्हणाल्या, "काका, ही नुसती जेवते, बोलत काही नाही." चौतीस वर्षे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत 'आधी तपासा, मग बोला' असे मुलांना बजावणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते.

शस्त्रक्रियेत आवाज जाणार हे कळल्यावर, नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून पाठवीन, असे तुझ्या आईने तुला कबूल केले होते. त्या तुझ्यापर्यंत आल्या नाहीत. ती गेल्यानंतर तू परत निघालीस, तेव्हा दारात चपला घालताना म्हणालीस, "आईला तेवढंही जमलं नाही का हो, बाबा?" वेळ मिळाला नसेल, असे मी म्हणालो. ते खरे नव्हते.

गोष्टी तिने केल्या होत्या. मागच्या खोलीत, कपाटाचे दार उघडून त्याच्या आडोशाला बसून, माझा रेडिओ मध्ये येऊ नये म्हणून. शस्त्रक्रियेनंतर रेकॉर्डर आणि पाटी घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. रेकॉर्डर चार्ज होत होता, परंतु संगणकावर काहीच उमटत नव्हते. पाटीवर लिहिले होते, "मास्तर, दुसरी वायर द्या की." मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "वायरी सगळ्या सारख्याच. तुझंच काहीतरी चुकतंय." घरचा शास्त्रज्ञ सांगतो म्हटल्यावर तिने डबा उघडलाच नाही. त्याच एका केबलशी तीन-चार दिवस झटत राहिली. शेवटी लिहिले, "बरं बाई, मीच बावळट," आणि फडक्याने पाटी पुसून टाकली. पुढे तो विषय तिने काढला नाही. मीही नाही.

मी तिला दिलेल्या त्या केबलवर परवा दोनच दिवे लागले. मी ती पुन्हा पुन्हा खोचून पाहिली.

सोळावी केबल तुझ्या जुन्या कॅमेऱ्याची निघाली. तिच्यावर चारही लागले, आणि दहा मिनिटांत तुझ्या आईचा आवाज संगणकावर आला. नऊ गोष्टी आहेत. या पत्रासोबत त्या पाठवीत आहे.

आठ पूर्ण आहेत. नववीत उंदराचे घड्याळ विहिरीत पडते, तो काठावरून वाकून टिकटिक ऐकू लागतो, आणि तेवढ्यात माझा आवाज येतो: "पुरे आता, दवाखान्यात उशीर होईल." ती म्हणते, "आले हो, मास्तर!" आणि बंद करते. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. माझे वाक्य कापून टाकता येते, असे दुकानातील बाई म्हणाल्या; मी नको म्हटले. तिला जमले होते, जमले नाही ते मला, हे माझ्या हाताने लिहून तुला कळवावे, यासाठी हे पत्र. तू क्षमा करावीस, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. एक मात्र विचारतो. ही गोष्ट ती तुला लहानपणी सांगत असे. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेला असे. शेवटपर्यंत कधी ऐकली नाही. उंदराला घड्याळ सापडते का, तेवढे मला कळव.

तुझाच,
बाबा