बाबांचा खेळ कोण मंद करतंय?

५ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच! गेल्या रविवारी झकास पळणारा खेळ आज पुन्हा रखडतोय. तलवार उगारली की खाली यायला युग लागतं. कुणीतरी हात लावलाय — आपोआप होणं शक्यच नाही.

बाबांच्या जुन्या लॅपटॉपला नवं विंडोज झेपेना, म्हणून उन्हाळ्यात मीच त्यावर लिनक्स घातलं. पण त्यांचा जीव अडकलाय वीसेक वर्षांपूर्वीच्या तलवारबाजीच्या एका खेळात, आणि तो विंडोजचा. लिनक्सवर चालायचा, पण गोगलगाईसारखा — सेकंदाला जेमतेम वीस फ्रेम, म्हणजे वीस चित्रं. मग इंटरनेटवरच्या एका फोरमवर 'करडा बगळा' नावाच्या कुणीतरी एक फाईल दिली — चित्रं काढायचं काम थेट ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी. घातली, आणि सेकंदाला साठ फ्रेम! खेळ नवा होता तेव्हा पळायचा तसा.

आज बघते तर सेटिंगमध्ये ती फाईल बंद. बाबा म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं!" आणि शेवयांच्या वाडग्यात तोंड घातलं. मी परत चालू करून आले.

६ नोव्हेंबर

वेइलूनला फोन केला. माझा धाकटा भाऊ, बाबांजवळच राहतो. तर उलट मलाच — "ताई, ज्याचं तोंड पाहिलं नाहीस त्याची फाईल बाबांच्या मशीनमध्ये? डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या सगळे फोटो उचलून नेले म्हणजे?"

बगळा! हे आधी कसं सुचलं नाही? फुकट एवढी मदत कोण करतं?

८ नोव्हेंबर

ही फाईल मुळात ज्यांनी बनवली त्यांच्या वेबसाईटवरून ती उतरवली आणि बगळ्याच्या फाईलशी ताडून पाहिली. तंतोतंत एक. म्हणजे फाईल स्वच्छ.

माणूस स्वच्छ असेलच असं नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा बंद!! आता मात्र वेइलूनच. त्याला हा खेळ डोळ्यांसमोर नको असतो. "दिवसभर तलवारी फिरवण्यापेक्षा नदीकाठी चालायला जावं" — किती वेळा म्हणालाय. जेवताना सरळ विचारलं.

"मला दुसरे उद्योग नाहीत?"

"मग काय भूत येतं घरात?"

"तूच ये की रोज बघायला. रविवारची पाहुणी!"

लागलं ते. मी बरंच काही बोलले. बाबा ओरडले, "पुरे! सूप गार होतंय." आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही त्यांनी. निघताना फाईल चालू केली. वेइलूनला दाखवून.

१४ नोव्हेंबर

फाईल सारखी बंद कशी होते, असं बगळ्याला खोचकपणे विचारलं होतं. त्याचा निरोप: "खेळ मंद आहे ही तक्रार वडील करतात, की तुम्ही?"

चोंबडा! याला काय करायचंय?

१५ नोव्हेंबर

कामावर असताना तोच प्रश्न डोक्यात. बाबांनी कधी तक्रार केली? आठवत नाही. एकदाही आठवत नाही. वेइलून कालपासून कंपनीच्या कामासाठी काओश्युंगला, रविवारी येणार. तोवर घरात बाबा एकटे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारून रजा घेतली, न कळवता गेले. बाबांच्या शिनचू शहरातला वारा इतका पिसाळलेला की दार उघडलेलं बाबांना ऐकूच आलं नाही. मी त्यांच्या मागे उभी.

खेळ सुरू होता, साठ फ्रेमवर. शत्रू झपाझप आले, बाबांचा वीर खाली. पुन्हा सुरू, पुन्हा खाली. मग बाबांनी खेळ बंद केला. सेटिंग उघडलं. माझी फाईल काढली — सराईतासारखी! आणि हे सगळं डाव्या हाताने.

आता शत्रू चिखलातून चालल्यासारखे येऊ लागले. या जुन्या खेळात चित्रं मंदावली की सगळं जगच मंदावतं. बाबांनी एकेकाला गाठून पाडलं.

"बाबा."

दचकले. चोरी पकडल्यासारखे हसले. "तू एवढी खटपट केलीस, रूरू. कसं सांगणार?"

"पण का?"

"साठवर बोटं पोचत नाहीत गं. वय झालं, दुसरं काय."

उजवा हात मांडीवर होता. अंगठा आपला आपणच हलत होता. मी पाहतेय हे कळताच त्यांनी तो खिशात घातला.

रात्री वेइलूनला फोन केला. तो म्हणाला, "हल्ली चॉपस्टिक्स सोडून चमचा घेतात. मला वाटलं, दात दुखत असेल." बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

१ डिसेंबर

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितली. डावा हात जुळवत राहिला. उजव्याची हालचाल लहान लहान होत थांबली. पार्किन्सन. सुरुवात आहे, लवकर आणलंत, म्हणाले. वेइलूनने माझा दंड घट्ट धरला. बाबांनी एवढंच विचारलं, "खेळलेलं चालेल ना?"

"रोज खेळा."

बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "चाळीसवर बसवता येईल का गं? साठ झेपत नाही. पण वीसवर जिंकायची लाज वाटते."